तिथी बघून निघायचं

ट्रॉम्बेत राहून मुलांच्या उन्हाळी सुट्ट्या काढताना काही गोष्टी हळूहळू उमगत गेल्या. थोरली नऊ वर्षांची, धाकटा चारचा, घरात सासू-सासरे. दर घराची रीत निराळी, त्यामुळे हे सगळं आमच्यापुरतं.

१. सहलीचं ठिकाण आपण ठरवतो, पण सहल दारातून पाऊल बाहेर पडताच सुरू झालेली असते. हे मला राणीच्या बागेला जाताना कळलं. बुधवारी बाग बंद, म्हणून गुरुवार धरला. मानखुर्दहून हार्बरने कुर्ला, तिथे गाडी बदलून भायखळा. कुर्ल्याच्या पुलावर दोन्ही बाजूंनी लोंढा आला आणि पुढच्या पायरीवरच्या एका बाईंनी न विचारता धाकट्याला उचलून कडेवर घेतलं, फलाटावर उतरवलं आणि मागे वळूनही न बघता गेल्या. बायकांच्या डब्यात एक मावशी मांडीवर पिशवी घेऊन गवार मोडत होत्या. त्यांनी मूठभर शेंगा थोरलीपुढे ठेवल्या. "दोन्ही टोकं काढायची, शीर निघाली तर ओढायची." भायखळा येईपर्यंत पोरगी मान वर न करता गवार मोडत होती. पेंग्विन दोघांनाही आवडले, पण मला मात्र तो पूल आणि ती गवार सोडत नाहीत. एकटीने दोन मुलं घेऊन निघताना माझ्या पोटात गोळा असायचा. आता वाटतं, या गर्दीत आपण तितक्याशा एकट्या नसतो.

२. मे महिना हा खरं तर पावसाच्या तयारीचा महिना, हे मुलांच्या मागे फिरताना दिसलं. एरवी माझ्यासाठी तो घामाचा आणि आंब्यांचा महिना होता. घरी सासूबाई गच्चीवर कुरडया घालतात. गव्हाचा चीक शिजत आला की दोन्ही मुलं वाट्या घेऊन हजर, कारण दूध-साखर घालून खाल्लेला गरम चीक त्यांना आइस्क्रीमहून प्रिय. तिकडे कोळीवाड्यात त्याच उन्हात जवळा वाळत असतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, वर पाऊस. तेव्हाची बेगमी आत्ताच करायची. पहिल्यांदा तिथून जाताना धाकट्याने नाक दाबलं. ताडपत्रीशी बसलेल्या आजींनी ते पाहिलं आणि चार-पाच जवळे तळहातावर घेऊन त्याच्यापुढे धरले. नखाएवढा जीव, वाळून पारदर्शक झालेला, आणि प्रत्येकाला टाचणीच्या टोकासारखे दोन काळे डोळे. त्याने नाकावरचा हात काढला. मग कावळे हाकलायची काठी मिळाली आणि घरी यायला तो तयार होईना. वाळवणाची राखण हे मुलांचं काम माझ्या आजोळीही होतं; पण मुंबईत, घरापासून पायी अंतरावर ते अजून जिवंत आहे, हे मला मुलाच्या हातात काठी आल्यावर दिसलं.

३. दुपारी बारा ते चार मुलांना बाहेर काढायचं नाही. पडदे ओढून पत्त्यांचा डाव मांडायचा आणि मध्ये गार ताडगोळे. ताडगोळ्याची पिवळट साल मुलांना स्वतः सोलू द्यावी. निम्मं पाणी अंगावर सांडतं, पण तासभर शांतता मिळते.

४. आमच्या सुट्टीचं घड्याळ भिंतीवर नाही, खाडीत आहे. हे कळल्यापासून घरातली निम्मी भांडणं मिटली. ठाणे खाडीत हिवाळ्यापासून मेपर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे असतात. २०१५ साली इथलं अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मुलांनी चित्रं पाहिली होती, त्यामुळे रोज हट्ट. मानखुर्द-वाशी लोकल खाडीपुलावर आली की दोघं दाराजवळच्या खिडकीला नाक लावून उभी. एकदा नुसतं पाणी, एकदा लांबवर गुलाबी रेघ, पुन्हा नुसतं पाणी. धाकटा रडवेला झाला. कोळीवाड्यातल्या त्याच आजींनी कोडं सोडवलं. "सुकतीला बघायचे गो. चिखल उघडा पडल्याबिगर ते खातील काय?"

मग सुकती, म्हणजे ओहोटी, कधी, हे कसं कळायचं? सासूबाईंनी कालनिर्णय काढलं आणि थोरलीला जवळ बसवून तिला पाऊणकी शिकवली. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते. तृतीया असेल तर तीन पाऊणे सव्वादोन. म्हणजे पहाटे आणि दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती आणि तिथून सहा तासांनी, सव्वाआठला, ओहोटी. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, त्याच्यामागून भरतीही तेवढीच सरकते. या हिशेबात वेळ थोडी इकडेतिकडे होते, पण ज्या वेळी मोबाइल नव्हते, त्या वेळी किनाऱ्यावरची माणसं याच हिशेबावर होड्या काढत होती. माझ्या मुलीला शाळेत तीनचतुर्थांश म्हणजे रंगवलेला चौकोन होता. आता तो खाडीचं पाणी झाला.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी आम्ही तिच्या हिशेबाने निघालो. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे पाणी चांगलंच मागे हटलं होतं. पुलावरून चिखल लांबवर चकाकत होता आणि त्यावर रोहित पक्षी शेकडोंनी उभे होते, माना खाली घालून, चोची उलट्या करून चिखल चाळत. थोरली काही बोलली नाही. फक्त माझ्या मनगटावरच्या घड्याळात वेळ बघितली.

घरी आल्यावर प्रश्नांचा भडिमार. ते गुलाबी का? खाण्यातल्या शेवाळ्यातून आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांतून तो रंग येतो. पिल्लं करडी असतात. "मग आपण एवढा जवळा खातो, आपण का नाही गुलाबी?" मी शोधून सांगितलं, की माणूसही फार गाजरं खात राहिला तर त्याचे तळवे पिवळट दिसू लागतात. त्यानंतर आठवडाभर धाकटा गाजर खाऊन तळवे तपासत होता.

मला जमिनीवर आणलं ते या पाऊणकीने. सासूबाई सातवीपर्यंत शिकल्या. इतकी वर्षं एका घरात राहून त्यांना हे येतं, हे मला माहीत नव्हतं, कारण त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. मुलं विचारतात.

५. जवळची प्रत्येक गोष्ट मुलांना दाखवता येत नाही, आणि त्यानेही काही बिघडत नाही. ट्रॉम्बेचा डोंगर आमच्या खिडकीतून रोज दिसतो, पण तो भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कुंपणापलीकडे. "आपला डोंगर, मग आपण का नाही चढायचं?" याला मी काय उत्तर देणार! सासरे तिथूनच निवृत्त झाले. कामाबद्दल ते फारसं बोलत नाहीत, पण अप्सरेची गोष्ट सांगतात. ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झालेली ही देशातली पहिली अणुभट्टी पाण्याच्या खोल टाकीत होती आणि ती चालू असताना पाण्यात निळा उजेड दिसायचा. धाकट्याच्या मनात डोंगराच्या पोटात निळ्या पाण्याचं तळं आहे. ते तसंच राहू दिलंय.

डोंगर अखेर दिसला तो समुद्रातून. गेटवेहून घारापुरीला तासाभराची बोट. जवाहर द्वीपापाशी तेलाची जहाजं उभी होती आणि त्यांच्या मागे थोरलीला टाटा वीजकेंद्राच्या उंच चिमण्या ओळखू आल्या, मग डोंगर. "आई, आपलं घर त्याच्या पाठीमागे!" बोटीतले अनोळखी लोकही तिकडे बघायला लागले. लेण्यात वीसेक फुटी सदाशिवासमोर धाकट्याने, मधला चेहरा झोपलाय का, एवढंच विचारलं आणि बाहेर जाऊन माकडं बघत बसला. परतीच्या बोटीत त्याचा एकच धोशा: समोर आपला डोंगर दिसतोय, मग बोट सरळ ट्रॉम्बेच्या धक्क्याला का नेत नाहीत? खलाशाने हसून हात हलवला. आम्ही गेटवेला उतरलो, टॅक्सीने सीएसएमटी गाठलं आणि हार्बरने मानखुर्दला आलो. धाकटा खांद्यावर झोपला होता. थोरली गाडीत हिशेब करत होती, की ट्रॉम्बेहून होडी काढायची तर भरती कुठल्या तिथीला सकाळी मिळेल. नवमीला पावणेसातला, असं तिचं उत्तर आलं. होडीवाल्याशी बोलायचं काम तिने आजीकडे दिलंय.