दाढ काढली, आता गुठळी सांभाळा

मंगळवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच तो पायरीवर येऊन बसला होता. उजवा तळहात कानावर घट्ट दाबलेला. शनिवारी मी त्याची खालची उजवी अक्कलदाढ काढली होती. हाडात आडवी रुतलेली, दोन तुकडे करून काढावी लागली, वर तीन टाके. रविवारी फोनवर म्हणाला होता, बरं वाटतंय. आणि आता म्हणत होता, "मॅडम, दाढ गेली, पण कानात कुणी सुई खुपसतंय असं वाटतं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

तोंड उघडून बघितलं. गडद लाल, दह्याच्या कवडीसारखी थलथलीत गुठळी जिथे दिसायला हवी, तिथे रिकामा राखाडी खड्डा. तळाशी उघडं हाड. कुबट वास. विचारलं, शनिवारी घरी कसे गेलात? एसटीने, दोन तास. खिडकीशी जागा मिळाली होती. तोंडात लाळ आली, लाल दिसली, की बाहेर थुंकायची. घरी पोचल्यावर तोंड स्वच्छ असावं म्हणून खळखळून चुळा भरल्या, चांगला तांब्याभर पाणी संपवलं.

त्याने हयगय केली नव्हती. उलट स्वच्छता पाळली होती. रक्त गिळू नये, तोंड धुवून टाकावं, हे आपल्या अंगवळणी लहानपणापासून पडलेलं असतं. "थुंकू नका" हे मी दिलेल्या छापील कागदावर होतं, तोंडानेही एकदा सांगितलं होतं. का थुंकायचं नाही, ते मात्र सांगितलं नव्हतं. ती चूक माझी. तेव्हापासून मी ते प्रत्येकाला खुर्चीवरून उठू देण्याआधी सांगते, आणि आज तुम्हाला सांगते आहे.

दाढ निघाली की हाडात खड्डा उरतो. काही मिनिटांत तो रक्ताने भरतो, रक्त गोठतं आणि गुठळी तयार होते. खालच्या उघड्या हाडावरचं पांघरूण म्हणजे ही गुठळी. तिच्यातच बारीक रक्तवाहिन्या शिरतात, नवीन मांस धरतं, वरून हिरडी सरकत येते, पुढे काही महिन्यांत खाली हाड भरतं. ही मलमपट्टी शरीर स्वतः करतं आणि ती मला बाहेरून आणून लावता येत नाही. थुंकताना, चूळ भरताना, स्ट्रॉने ओढताना, विडी-सिगारेटचा झुरका घेताना तोंडात हवेची ओढ तयार होते. पहिल्या दिवशी गुठळी अजून कच्ची असते. तेवढ्या ओढीने ती सुटून येते.

ती सुटली की हाड उघडं पडतं. याला आम्ही ड्राय सॉकेट म्हणतो. साधे दात काढल्यावर शंभरात दोन ते पाच जणांना हा त्रास होतो, खालच्या रुतलेल्या अक्कलदाढेनंतर त्याहून बराच जास्त. ओळखायची खूण सोपी आहे. एरवी दुखणं रोज थोडं थोडं उतरतं. ड्राय सॉकेटमध्ये पहिले एक-दोन दिवस बरे जातात, आणि मग दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान ठणका उलट चढू लागतो, कानात आणि कानशिलापर्यंत जातो, गोळीला दाद देत नाही. अशा वेळी मेडिकलमध्ये जाऊन आणखी जोरदार गोळी मागू नका. अँटिबायोटिकनेही हा ठणका जात नाही. आम्ही खड्डा सलाइनने हलकेच धुतो आणि लवंगतेल असलेलं औषध लावलेली पट्टी आत ठेवतो. त्या माणसाचा हात अर्ध्या तासात कानावरून खाली आला. पट्टी दोनदा बदलावी लागली, आठ-दहा दिवसांत खड्डा मार्गी लागला. पण तोवरचा ठणका त्याने विनाकारण सोसला.

आता थोडं मागे जाऊ. दाढ काढायची की नाही, हे आधी ठरायला हवं. अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. बाकी दात आधीच जागा धरून बसलेले असतात, आपला जबडा लहान, म्हणून ती आडवी, तिरपी किंवा अर्धीमुर्धी उगवते. अर्धवट उगवलेल्या दाढेवर हिरडीचं झाकण राहतं. त्याखाली अन्नाचे कण अडकतात, ब्रश पोचत नाही, झाकण सुजतं. मग वरची दाढ त्याच सुजलेल्या झाकणावर आपटते आणि सूज आणखी वाढते. तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, गिळताना घसा दुखतो. असं वारंवार होत असेल, दाढ किडली असेल, गाठ किंवा पू असेल, तर ती काढलेली बरी. आणखी एक कारण लोकांच्या लक्षात येत नाही. आडवी दाढ पुढच्या दाढेला टेकते, त्या फटीत घाण साचते आणि पुढची चांगली, आयुष्यभर चावायच्या कामाची दाढ मागून किडते. तिला वाचवण्यासाठी अक्कलदाढ जाऊ द्यावी.

पण काहीही त्रास नसलेली, निरोगी दाढ निव्वळ खबरदारी म्हणून काढू नये, असं माझं मत आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००० सालीच तसा सल्ला दिला होता. अक्कलदाढेच्या रेट्याने पुढचे दात वाकडे होतात, या समजुतीला भरवशाचा पुरावा नाही. एवढं मात्र खरं की काढायचीच असेल तर विशीत काढणं सोपं. मुळं पुरती वाढलेली नसतात, हाड लवचिक असतं. चाळिशीनंतर हाड कडक होतं आणि भरूनही हळू येतं.

"आजच काढा, मॅडम, सहन होत नाही," असं गाल टम्म सुजलेला पेशंट म्हणतो तेव्हा त्याचं दुखणं मला कळतं. पण पू झालेल्या जागी भूल नीट चढत नाही. आधी पू काढून देणं, झाकणाखाली धुणं, सूज उतरवणं, मग दाढ, असा क्रम अनेकदा ठेवावा लागतो. त्याला चालढकल समजू नका.

येताना पोटभर नाश्ता करून या. उपाशी पोटी फक्त पूर्ण भूल द्यायची असेल तर, आणि तसं तुम्हाला आधी सांगितलं जातं. रोजच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, "बीपीची पांढरी गोळी" एवढ्यावरून मला काही कळत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. खड्ड्यातलं रक्त दाबून, टाका घालून थांबवता येतं, पण हृदयातल्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेतेल. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा इंजेक्शन किंवा आठवड्याला गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगा, कारण त्या औषधांनंतर जबड्याचं हाड भरून यायला अडचण येऊ शकते. मधुमेह असेल तर साखरेचा ताजा रिपोर्ट हवा. पावसाळ्यात ताप येऊन गेला असेल, प्लेटलेट्स उतरल्या होत्या असं कुणी म्हटलं असेल, तर त्या परत वर आल्याचं बघूनच तारीख घ्या.

जून-जुलैत परदेशी शिकायला निघालेली मुलं घाईघाईने येतात, "तिकडे फार महाग पडतं" म्हणून. त्यात तथ्य आहे. पण विमानाच्या किमान तीन आठवडे आधी या. टाके आणि सूज घेऊन कुणी इतका लांबचा प्रवास करू नये.

आधी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात. त्यात दाढ कशी पडली आहे ते कळतं, आणि खालच्या ओठाला जाणारी नस मुळापासून किती लांब आहे तेही दिसतं. नस अगदी चिकटून असेल तर सीटी प्रकारचा स्कॅन करतात. त्या नसेला किंवा जिभेच्या नसेला धक्का लागला तर ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर राहू शकते. बहुतेकांची जाणीव काही आठवड्यांत वा महिन्यांत परतते, फार थोड्यांची परतत नाही. तुमच्या डॉक्टरांनी हे आधी सांगितलं नाही तर तुम्ही विचारा.

"वरची दाढ काढली की नजर जाते" हे मला अजूनही आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. दृष्टीची नस थेट मेंदूतून डोळ्यात येते, दातांची नस निराळी. दाढ काढल्याने नजर अधू होत नाही. या भीतीपोटी किडकी दाढ वर्षानुवर्षं तोंडात बाळगणारी माणसं मी पाहिली आहेत.

खुर्चीत भूल चढली की दुखत नाही, पण दाब जाणवतो आणि आवाज येतो. दाढेचे तुकडे करताना कड्कन वाजतं, त्याने घाबरायला होतं. तो आवाज दाढेचा असतो, जबड्याचा नाही. दुखलंच तर डावा हात वर करा, आम्ही थांबतो आणि आणखी भूल देतो.

आणि आता दाढ काढल्यानंतरचे पहिले चोवीस तास. खड्ड्यावर ठेवलेला कापसाचा बोळा पाऊण तास घट्ट चावून धरा, त्या वेळात बोलू नका, बोळा काढून सारखं बघू नका. लाळ गिळा. लालसर लाळ म्हणजे थेंबभर रक्त आणि तोंडभर थुंकी, ती पोटात गेल्याने काही बिघडत नाही. गालावर बाहेरून बर्फ, रुमालात गुंडाळून, दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा. गरम विटेचा किंवा तव्यावरच्या फडक्याचा शेक नको. पहिली गोळी भूल उतरायच्या आत घ्या, ठणका सुरू व्हायची वाट बघू नका. दमा, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर कोणती गोळी चालेल ते विचारूनच घ्या. ओठ बधिर असेपर्यंत चहा आणि जेवण नको, नकळत ओठ चावला जातो. भूल उतरली की गार, पातळ, मऊ काहीही चालतं: ताक, मऊ दहीभात, नाचणीची गार आंबील, आईस्क्रीम. चमच्याने किंवा पेल्याने, स्ट्रॉ नाही. झोपताना दोन उशा घ्या. ऊस, चिवडा, भाकरीचा कडक पापुद्रा आठवडाभर विसरा.

घरातल्या मोठ्यांना माझी कळकळीची विनंती. खड्ड्यात हळद, लवंगेची पूड, तुरटी, मिश्री असं काहीही भरू नका. सासूबाईंनी मायेने मिश्री दाबलेली एक मुलगी माझ्याकडे आली होती. खड्ड्यातून काळा चोथा काढताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सासूबाई शेजारी उभ्या राहून रडत होत्या. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवली तर हिरडी भाजते. तंबाखू, गुटखा, विडी किमान आठवडाभर पूर्ण बंद. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो दर चौथ्या तोंडात मला दिसतो. ज्यांचं तोंड गुटख्याने आधीच आखडलं आहे, त्यांची दाढ काढणं मला सगळ्यात अवघड जातं.

दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, जेवणानंतर दर वेळी. पण खुळखुळवायचं नाही. पाणी तोंडात घ्या, मान त्या बाजूला कलती करा, अर्धा मिनिट थांबा, आणि बेसिनवर वाकून पाणी आपोआप पडू द्या. बाकीचे दात ब्रशने नेहमीसारखे घासा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, नंतर उतरते. आरशात बघून घाबरू नका. तोंड कमी उघडतं तेही आठवड्याभरात सैल होतं. काळे रेशमी टाके साधारण सातव्या दिवशी काढतात. अँटिबायोटिक प्रत्येकाला लागतंच असं नाही, दिलं असेल तर मधेच सोडू नका. त्यात मेट्रोनिडाझोल असेल तर दारू अजिबात नको.

काही गोष्टींसाठी मात्र रात्रीसुद्धा फोन करा. तासभर बोळा दाबूनही ताजं रक्त थांबत नाही. तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत चालली आहे, ताप आहे. वरची दाढ काढल्यावर पाणी पिताना नाकातून येतंय. ओठ दुसऱ्या दिवशीही बधिर आहे. आणि हनुवटीखाली दोन्हीकडे लाकडासारखी कडक सूज, जीभ वर उचललेली, लाळ गिळता येत नाही, श्वास जड, असं असेल तर माझ्याकडेही येऊ नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. लुडविग या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा त्यातून माणूस क्वचितच वाचत असे. आज वाचतो, पण वेळेत पोचला तर.

त्या पायरीवर बसलेल्या माणसाच्या खड्ड्यात महिनाभर भाताची शितं अडकत होती. ते सगळ्यांनाच होतं, जेवल्यावर गुळणी केली की निघतात. मागच्या महिन्यात तो परत आला आणि म्हणाला, आता डावीकडचीही काढून टाका, एकदाची कटकट जाऊ दे. मी तपासली. सरळ उगवलेली, वरच्या दाढेशी नीट जुळलेली, हिरडी गुलाबी, ब्रश शेवटपर्यंत पोचतो. एक्स-रेतही काही नाही. ती मी काढली नाही. सहा महिन्यांनी दाखवायला या म्हणून वहीत तारीख लिहून दिली.