सभासद वाढले, सहकार ओसरला
(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

सहकार हा विषय आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना नवा नाही. व्याख्या पाठ असते, तत्त्वे क्रमाने लिहिता येतात, आणि सहकारी संस्थांच्या गुणदोषांवरील प्रश्नाला बरे गुणही मिळतात. मलाही ते मिळाले आहेत. परंतु दोषांच्या यादीत ‘सभासदांची उदासीनता’ असे दोन शब्द लिहून आपण जो मुद्दा उरकतो, त्याचा अर्थ मला वर्गात कळला नाही. गेल्या सप्टेंबरमध्ये आजोबांबरोबर आमच्या भागातील एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेला गेले, तेव्हा तो कळला. त्यानंतर जे वाचले आणि जे विचार मनात आले, ते येथे मांडीत आहे.

एक सभा

आमचे घर वडगाव भागात. एके काळी गल्लीतील निम्म्याहून अधिक घरांतून मागाचा आवाज येई. संस्थेचे नाव येथे घेत नाही. नावाने काही फरक पडणार नाही. आजोबा तिचे आरंभापासूनचे सभासद. सभेच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि छापील अहवाल पिशवीत घेतला. त्यातल्या एका आकड्याखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली होती.

सभागृहाच्या दाराशी टेबल होते. सही करायची, स्टीलचा डबा घ्यायचा आणि आत जायचे, अशी व्यवस्था होती. बहुतेकांनी पहिल्या दोन गोष्टी केल्या आणि तिसरी न करता स्कूटर सुरू केली. सह्यांच्या वहीत गणसंख्या पूर्ण, खुर्च्या मात्र रिकाम्या! चिटणीस विषय वाचीत होते. एका कोपऱ्यातून ‘मंजूर’ आणि दुसऱ्यातून ‘ओप्पिगे’ असा आवाज येत होता. ताळेबंद मंजूर होण्यास मला वाटते चार मिनिटेही लागली नाहीत.

आजोबा उभे राहिले. थकबाकी गेल्या वर्षापेक्षा बरीच वाढली आहे, ती कोणत्या प्रकारच्या कर्जांची, एवढेच त्यांनी विचारले. अध्यक्ष अदबीने म्हणाले, “अण्णा, ऑफिसात या, सविस्तर सांगतो.” लगेच पुढचा विषय पुकारला गेला. परतताना आजोबा म्हणाले, “त्यानं उत्तर दिलं नाही याचं एवढं वाईट नाही वाटलं बघ. मागं वळून बघितलं, तर ऐकणारंच कोण नव्हतं.”

पूर्वीची रीत

ही संस्था सुरू झाली तेव्हा चाळीस-पंचेचाळीस सभासद होते. काही मराठी बोलणारे, काही कन्नड, आणि सर्वच सुतासाठी सावकाराकडे हात पसरणारे. महिन्यातून एकदा मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर बैठक होई. इतिवृत्त मराठीत, हिशेबाचा गोषवारा कन्नडमध्ये. कोणाचा हप्ता चुकला, तर रात्री जेवणानंतर दोघे त्याच्या घरी जात. मागण्यासाठी नव्हे, काय झाले ते पाहण्यासाठी. एकदा एक सभासद तापाने अंथरुणाला खिळलेला आढळला. पंधरा दिवस इतरांनी पाळीपाळीने त्याचा माग चालवला आणि हप्ता वेळेवर भरला गेला. आज हप्ता चुकला, तर रजिस्टर पोस्टाने नोटीस जाते. नोटीस नियमाप्रमाणेच असते. पण नोटिशीला घरातला ताप दिसत नाही.

इतिहास काय सांगतो?

इंग्लंडमधील रॉचडेल येथे २८ विणकर व इतर कारागिरांनी प्रत्येकी एक पौंड घालून २१ डिसेंबर १८४४ रोजी दुकान उघडले. भांडवल कितीही असो, माणशी एकच मत, हा त्यांचा नियम. पुढे शिल्लक रकमेतील अडीच टक्के ते सभासदांच्या शिक्षणासाठी बाजूला काढू लागले. हे पाठ्यपुस्तकात असते. पण याच चळवळीतील एक गोष्ट आपण सहसा वाचीत नाही. तेथील सहकाऱ्यांनी १८५४ मध्ये एक कापड गिरणी काढली. तिच्यात कामगारांना नफ्याचा वाटा मिळे. गिरणी भरभराटीला आली, भांडवल हवे झाले, आणि केवळ लाभांशासाठी आलेले नवे भागधारक बहुसंख्य झाले. १८६२ मध्ये त्यांनी मताधिक्याने कामगारांचा वाटा बंद केला. संस्था बुडाली नाही, दरोडा पडला नाही. रीतसर सभा झाली आणि मूळ हेतू तेवढा गेला.

आपल्याकडे वडोदऱ्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने १८८९ मध्ये अन्योन्य सहकारी मंडळी निघाली. १९०४ च्या कायद्याने एका गावच्या दहा माणसांना पतसंस्था काढण्याची मुभा दिली, आणि १९०५ मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळ येथे सिद्दनगौडा पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्या कायद्याखालील पहिल्या संस्थांपैकी एक उभी राहिली. त्या कायद्यात ग्रामीण संस्थांची जबाबदारी अमर्याद होती, म्हणजे संस्था बुडाली तर सभासदाच्या घरादारावर गदा येई. ही अट कठोर खरी, पण तीमुळे प्रत्येकाचे लक्ष प्रत्येकावर राही. शेजाऱ्याचे कर्ज ही माझीही काळजी होई.

पण लहान संस्थांचे बळही लहानच. गोरवाला समितीच्या १९५४ च्या अहवालात दिसून आले की ग्रामीण कर्जापैकी जेमतेम तीन टक्के कर्ज सहकारी संस्थांकडून मिळत होते. म्हणून समितीने मोठ्या संस्था, मर्यादित जबाबदारी आणि सरकारी भागीदारी सुचविली. १९५८ मध्ये राष्ट्रीय विकास परिषदेने पुन्हा गाव हाच पाया धरला. लहान संस्थेत जिव्हाळा असतो पण पैसा नसतो. मोठीत पैसा असतो पण जिव्हाळा राहत नाही. हा पेच जुना आहे.

उदासीनता का येते?

माझ्या मते तीन कारणे आहेत.

पहिले कारण संख्येचे. चाळिसांत एक गैरहजर राहिला तर खुर्ची रिकामी दिसते. दोन हजारांत कोणाला पत्ता लागत नाही. मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ च्या ग्रंथात दाखविले की समूह जितका मोठा, तितकी ‘दुसरा कोणी करील’ ही वृत्ती बळावते. आपल्याकडे ते एका म्हणीत आहे : बारभाईची शेती, काय लागेल हाती!

दुसरे कारण बाहेर पडण्याच्या सोयीचे. अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये मांडले की संस्था घसरू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात : बोलणे किंवा सोडून जाणे. ज्यांना जाणे सोपे, तेच बहुधा चांगले बोलू शकणारे असतात. आमच्या गल्लीतील नोकरदार मंडळींनी ठेवी केव्हाच बँकेत नेल्या. राहिले ते वृद्ध आणि गरजू. त्यांचा आवाज क्षीण.

तिसरे कारण सभासदाचे गिऱ्हाईक होणे. डबा, लाभांश, अर्धा टक्का जास्त व्याज एवढ्यावर नाते उरले. मराठीत ‘आमची’ आणि ‘आपली’ यांत भेद आहे. ‘आपली’ म्हणताना ऐकणाराही त्यात येतो. कन्नडमध्ये दोन्हींसाठी ‘नम्म’ हा एकच शब्द. आजोबांचे कन्नड मित्र अजून ‘नम्म सोसायटी’ म्हणतात, आजोबा ‘आपली सोसायटी’ म्हणतात. माझ्या वयाची मुले मात्र दोन्ही भाषांत ‘त्यांची’ म्हणतात.

यात केवळ भावनेचा प्रश्न नाही. बँकांमधील ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवींना ते नाही. तेथे ठेवीचा खरा पहारेकरी म्हणजे जागा सभासद. आजोबांनी मागावर बसून साठविलेले पैसे त्याच संस्थेत आहेत.

उपाय

२०२१ मध्ये केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय झाले, आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे सहकार वर्ष म्हणून पाळले. पण कट्ट्यावरची बैठक मंत्रालयाला भरविता येणार नाही. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामायिक कुरणे व पाटबंधारे शतकानुशतके नीट चालविणारी गावे अभ्यासली. स्वित्झर्लंडमधील ट्योर्बेल गावात १५१७ चा नियम होता : हिवाळ्यात जितक्या गाई स्वतः पोसता येतील, तितक्याच सामायिक कुरणावर सोडाव्यात. अशा ठिकाणी नियम वापरणारेच करतात, लक्ष तेच ठेवतात, आणि चुकणाऱ्याला शिक्षा पायरीपायरीने होते. यावरून मला सुचते ते असे :

१. वार्षिक सभेपूर्वी गल्लीवार लहान बैठका घ्याव्यात व त्यांतील प्रश्न लेखी पाठवावेत.
२. अहवाल दोन्ही भाषांत आणि वाचायला वेळ मिळेल इतका आधी द्यावा.
३. थकबाकीदाराकडे नोटिशीआधी दोन सभासदांनी जाऊन यावे.
४. भेटवस्तू द्यायचीच असेल, तर सभा संपल्यावर द्यावी.

शेवटचा उपाय हास्यास्पद वाटेल. पण खुर्च्या भरल्या, तर कोणीतरी ऐकेल.

सभेनंतर पंधरा दिवसांनी मी आजोबांबरोबर ऑफिसात गेले. चिटणिसांनी अर्धे उत्तर दिले व उरलेले ‘पुढच्या सभेत लेखी विचारा’ म्हणून सांगितले. आम्ही प्रश्न मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिला आणि गल्लीतील पाच सभासदांच्या सह्या घेतल्या. सहीसाठी दारोदार जाताना दोन ठिकाणी चहा झाला, एका ठिकाणी जुने भांडण निघाले, आणि एका काकूंना आपण सभासद आहोत हेच नव्याने आठवले. त्याच दिवशी मी भागाचा अर्जही आणला. शिफारस करणाऱ्या सभासदाच्या जागी आजोबांनी सही केली.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशा एखाद्या संस्थेचे पासबुक असेल. पुढच्या सभेला घरातील वडीलधाऱ्यांबरोबर जा. काही बोलला नाहीत तरी चालेल. फक्त शेवटपर्यंत बसा, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याने मागे वळून पाहिले, तर त्याला कोणीतरी दिसेल.