एमसीबी असताना आरसीसीबी कशाला?

प्रश्न : जुन्या घराचं वायरिंग बदलतोय. वायरमन म्हणतो, एमसीबी आहे, आरसीसीबीचा खर्च वाचवा. ऐकावं का?

उत्तर : मुळीच ऐकू नका! एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. 16 अँपिअरचा एमसीबी पडायला त्याहून जास्त प्रवाह लागतो. माणसाचा जीव त्याच्या शंभराव्या हिश्श्यातही जाऊ शकतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी विजेची गळती ओळखून क्षणात पुरवठा तोडतो. फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला, तर मात्र त्याचाही भरवसा नाही. अर्थिंगही नीट हवंच. वायरिंगसाठी आयएस 732, अर्थिंगसाठी आयएस 3043 ही मानकं आहेत. काम परवानाधारक कंत्राटदारालाच द्या, टेस्ट रिपोर्ट मागून घ्या आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहत जा.