भावना दुखावल्या म्हणजे गुन्हा झाला का?

वाचकांचे प्रश्न : धर्म, भाषण आणि फौजदारी कायदा

धर्माविषयी बोलताना किंवा लिहिताना कायदा कुठे आडवा येतो, असं विचारणारी बरीच पत्रं साठली आहेत. त्यांतल्या चार पत्रांना इथे उत्तरं देतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. बातम्यांत अजून ‘१५३-अ’ आणि ‘२९५-अ’ हे जुने आकडे येतात. आता ती कलमं अनुक्रमे १९६ आणि २९९ झाली आहेत. आकडे बदलले, पण गाभा फारसा बदललेला नाही, त्यामुळे न्यायालयांचे जुने निर्णय आजही उपयोगी पडतात.

प्रश्न : मी वीस वर्षं कीर्तन करतो. यंदा शेजारच्या गावच्या यात्रेत अंगात येणं, गंडेदोरे आणि नवसाच्या नावाने लोकांना लुबाडणारे बुवा यांच्यावर बोललो. दुसऱ्या दिवशी काही मंडळी घरी आली. ‘देवाचा अपमान केलात, आमच्या भावना दुखावल्या, केस टाकतो’ म्हणाली. पुढच्या सप्ताहात तोंड उघडावं की नाही, असं झालं आहे. — एक कीर्तनकार, सातारा जिल्हा

उत्तर : महाराज, तोंड जरूर उघडा. नुसत्या ‘भावना दुखावल्या’ म्हणून गुन्हा होत नाही. कलम २९९ सांगतं की एखाद्या वर्गाच्या धर्माचा किंवा धर्मश्रद्धांचा अपमान झाला पाहिजे आणि तो जाणूनबुजून, शिवाय द्वेषबुद्धीने केलेला पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकत्र सिद्ध व्हाव्या लागतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे.

हे कलम आलं कसं, ते पाहिलं की त्याची मर्यादाही कळते. १९२०च्या दशकात लाहोरमध्ये प्रेषित महंमदांच्या खासगी आयुष्याची हेटाळणी करणारी एक पुस्तिका निघाली. तेव्हाच्या १५३-अ कलमात ती बसत नाही, असं म्हणून उच्च न्यायालयाने १९२७ मध्ये प्रकाशकाला सोडलं. मोठा क्षोभ झाला आणि त्याच वर्षी २९५-अ हे नवं कलम करण्यात आलं. १९२९ मध्ये त्या प्रकाशकाचा खून झाला. कायदा होत असताना मध्यवर्ती कायदेमंडळात बॅरिस्टर जिनांनी बजावलं होतं की, धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना संरक्षण मिळालंच पाहिजे. ‘द्वेषबुद्धीने’ हा शब्द त्यासाठीच महत्त्वाचा आहे.

१९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं, पण कारण देताना सांगितलं की, ते धर्माच्या प्रत्येक अपमानाला लागू होत नाही, फक्त जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेल्या उग्र प्रकारालाच लागू होतं. पुढे क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी यांना एका मासिकाच्या मुखपृष्ठावर देवाच्या रूपात दाखवलं म्हणून खटला झाला. २०१७ मध्ये तो रद्द करताना न्यायालयाने म्हटलं, की नकळत किंवा बेफिकिरीने झालेला अपमान या कलमात येत नाही.

तुमच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला आणि काही दिवसांतच राज्य सरकारने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला. वर्षअखेर त्याचा कायदा झाला. अंगात संचार झाल्याचं भासवून लोकांना भीती घालणं किंवा सांगितलेलं न ऐकल्यास वाईट होईल अशी धमकी देणं, हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. याच कायद्याने वारी, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, प्रवचन यांना स्पष्ट शब्दांत मोकळीक दिली आहे. म्हणजे ज्या प्रकारांवर तुम्ही बोललात त्यांतले काही विधिमंडळानेच गुन्हा ठरवलेले आहेत आणि ज्या जागेवरून बोललात तिचं रक्षणही केलं आहे.

सावधगिरी एकच बाळगा. कलम ३०२ (हे खुनाचं जुनं ३०२ नव्हे) सांगतं की, समोरच्या व्यक्तीच्या धार्मिक भावना दुखवायच्या या ठरवलेल्या हेतूने तिच्या कानावर पडेल असं बोललं, तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. तरीही प्रथेवर बोला, गावातल्या कुणा भाविकाचं नाव घेऊन त्याला हिणवू नका. कीर्तनाचं संपूर्ण ध्वनिमुद्रण जपून ठेवा. मागचंपुढचं तोडून फिरवलेल्या तीस सेकंदांच्या तुकड्याला तेच उत्तर आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून आमच्या वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. एका सदस्याने दुसऱ्या धर्माच्या लोकांना देशातून हाकला, अशा अर्थाचा मजकूर टाकला. दुसऱ्याने त्या धर्मातल्या एका प्रथेवर टीका करणारा लेख टाकला. कुणीतरी दोन्हींचे स्क्रीनशॉट ठाण्यात दिले आणि मलाही फोन आला. अटक होईल का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : सर, आधी या दोन मजकुरांमधला फरक पाहू. पहिला मजकूर माणसांविषयी आहे. धर्म, वंश, भाषा, जात अशा कारणांवरून दोन समूहांत वैर किंवा द्वेष पसरवणं कलम १९६ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ हा आपोआप बचाव होत नाही. दुसरा लेख प्रथेविषयी आहे. त्यात त्या समाजातल्या माणसांविरुद्ध चिथावणी नसेल, तर तो कितीही बोचला तरी १९६ लावणं कठीण. बिलाल अहमद कालू खटल्यात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, या गुन्ह्यात किमान दोन समूह गुंतलेले असायला हवेत, एकाच समूहाच्या भावना चाळवणं पुरेसं नाही.

जेम्स लेन यांचं शिवरायांवरचं पुस्तक आणि जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर झालेला हल्ला तुम्हाला आठवत असेल. त्या पुस्तकावरून दाखल झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केला. वैर पसरवण्याचा हेतू हा या गुन्ह्याचा प्राण आहे, आणि तो पुस्तक पूर्ण वाचून ठरवायचा, एखादं वाक्य उपटून नाही, असं तो निकाल सांगतो. २०१० मध्ये पुस्तकावरची बंदीही उठली. ते लिखाण ज्यांना सहन झालं नाही, त्यांचा राग मी समजू शकतो. पण राग आला म्हणून लिहिणारा गुन्हेगार ठरत नाही, आणि संस्थेतली जुनी हस्तलिखितं फाडण्याचा हक्क तर कुणालाच मिळत नाही.

मग मजकूर कुणाच्या नजरेने वाचायचा? याचं उत्तर तुमच्याच शहरातून आलं आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी कसोटी घालून दिली. शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर आणि धीट माणसावर काय होईल हे पाहून. ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोका दिसतो अशा डळमळीत मनाच्या माणसावरून नाही. ‘तमस’ मालिकेच्या १९८८च्या खटल्यात आणि मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरच्या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने तीच कसोटी वापरली.

आता तुमच्याविषयी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की, सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिन केवळ ॲडमिन म्हणून दोषी ठरत नाही. त्यात त्याचा समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत दिसलं पाहिजे. तरी तो पहिला मजकूर काढून टाका आणि ‘असा मजकूर इथे चालणार नाही’ असं ग्रुपवर लिहा. त्याआधी स्वतःच्या नोंदीसाठी स्क्रीनशॉट घ्या.

अटकेचं म्हणाल, तर सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ३५(३) खाली पोलीस नोटीस देऊन बोलावतात. त्यामुळे फोनवर ‘लगेच या’ म्हटलं, तर नम्रपणे लेखी नोटीस मागा, आणि नोटीस आली की हजर राहा. तीन ते सात वर्षांच्या आतल्या गुन्ह्यांत याच संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. भाषण आणि लेखनाच्या प्रकरणांत गुन्हा नोंदवण्याआधी अशी चौकशी करणंच योग्य, असं प्रतापगढी निकालाने सांगितलं. तुमच्या वकिलामार्फत त्या निकालाचा हवाला लेखी द्या. १९६ आणि २९९ या दोन्ही कलमांत सरकारची पूर्वपरवानगी असल्याशिवाय न्यायालय खटल्याची दखल घेऊ शकत नाही. आणि तक्रारीत मुळात दम नसेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयाकडे ती रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो.

एक गोष्ट लपवत नाही. शेवटी निर्दोष सुटलं तरी तारखा, वकिलाची फी, जप्त झालेला मोबाइल यांत माणूस भरडून निघतो. प्राथमिक चौकशीच्या टप्प्यावरच नेटाने बाजू मांडणं म्हणूनच महत्त्वाचं.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. बाजारात एक धर्मप्रचारक मूर्तिपूजा हे पाप आहे अशी पत्रकं वाटतो. माझ्या सासूबाईंना ते फार लागलं. इथे द्वेषमूलक गुन्ह्यांचे कायदे कडक आहेत म्हणतात. तक्रार करावी का? — एक वाचक, लेस्टर

उत्तर : ताई, पत्रकात तेवढंच असेल, तर तक्रारीतून खटला उभा राहील असं वाटत नाही, आणि माझ्या मते राहू नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘हेट क्राइम’ म्हणजे साधारणपणे मारहाण, नासधूस, धमकी असा मुळातच गुन्हा असलेला प्रकार, जो वंश, धर्म अशा कारणांवरच्या वैरभावातून घडतो. वैरभाव सिद्ध झाला की शिक्षा वाढते.

निव्वळ शब्दांसाठी २००६चा वांशिक आणि धार्मिक द्वेषविषयक कायदा आहे. त्यात धार्मिक द्वेषाचा गुन्हा व्हायला शब्द धमकावणारे असावे लागतात आणि द्वेष चेतवण्याचा हेतूही लागतो. संसदेने त्यात ‘२९-जे’ हे वेगळं कलम घालून ठेवलं आहे. धर्मांची चर्चा, टीका, नापसंती, थट्टा, अपमान, इतकंच काय, धर्मांतराचा आग्रहसुद्धा या कायद्याने अडवला जात नाही. इंग्लंडमधला ईशनिंदेचा जुना गुन्हाही २००८ मध्ये रद्द झाला. स्कॉटलंडचा कायदा वेगळा असून तो १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

आपल्याकडचं २९९ कलम धर्माच्या अपमानाकडे बघतं, तिथला कायदा माणसांविषयीच्या द्वेषाकडे बघतो. मला तिथली दिशा अधिक योग्य वाटते, कारण इजा माणसाला होते. उद्या कुणी सासूबाईंची वाट अडवली, कुंकू पाहून शिवीगाळ केली किंवा घरावर काही फेकलं, तर क्षणभरही थांबू नका. पोलिसांना कळवताना धर्मामुळे हे घडलं असं आवर्जून सांगा. पत्रकाला मात्र सासूबाईंनीच उत्तर द्यावं. मूर्तीत आपण काय पाहतो, हे त्यांच्याइतकं चांगलं कोण सांगणार?

प्रश्न : आमच्या गावात धार्मिक कार्यक्रमाच्या नावाने सभा झाली. ‘यांच्या दुकानांतून काही घेऊ नका, यांना इथून हुसकावा’ अशी भाषणं झाली. व्हिडिओ आहे. ठाण्यात गेलो तर ‘धार्मिक कार्यक्रम होता, प्रत्येकाला धर्मस्वातंत्र्य आहे’ असं सांगून परत पाठवलं. आम्ही काय करायचं? — एक दुकानदार, मराठवाडा

उत्तर : भाऊ, तुम्हाला चुकीचं सांगण्यात आलं. धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद २५ची सुरुवातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून होते. उलट, वैर पसरवण्याचा गुन्हा प्रार्थनास्थळात किंवा पूजा अथवा धार्मिक विधी चालू असलेल्या जमावात केला, तर कलम १९६ खालची शिक्षा तीन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत जाते. धर्माचं व्यासपीठ ही इथे ढाल नाही, तिने गुन्हा अधिक गंभीर होतो. एखाद्या धर्माच्या लोकांना नागरिक म्हणून असलेले हक्क नाकारा, अशी भाषा असेल तर कलम १९७ही लागू शकतं.

२१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली, उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडच्या पोलिसांना आदेश दिला की, द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न पाहता, बोलणाऱ्याचा धर्म न बघता गुन्हा नोंदवा. २८ एप्रिल २०२३ रोजी तो सर्व राज्यांना लागू केला. सरकारी परवानगी न्यायालयाने दखल घेताना लागते, गुन्हा नोंदवताना लागत नाही.

आता क्रमाने करा. तक्रार लेखी द्या. कोण, कुठे, किती वाजता, नेमके कोणते शब्द बोलला, ते लिहा. व्हिडिओची मूळ प्रत फोनमधून काढू नका. ठाण्याने नाकारलं, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. तिथेही काही झालं नाही, तर प्रतिज्ञापत्र जोडून कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे जा.

विधी आयोगाने मार्च २०१७च्या २६७व्या अहवालात द्वेषाच्या चिथावणीसाठी स्वतंत्र कलमं सुचवली होती. नवी संहिता आली, पण ती कलमं आली नाहीत. तरीही आहे तो कायदा तुमच्या बाजूने पुरेसा स्पष्ट आहे. तुमच्या श्रद्धेवर कुणी टीका केली, तर तिला उत्तर द्यायला तुमच्यापाशी वाणी आहे, लेखणी आहे. पण तुमच्या दुकानाचं शटर पाडायला जमावाला चिथावलं जातं, तेव्हा उत्तर देणं हे पोलिसांचं काम आहे. ते त्यांच्याकडून मागा, आणि अर्ज दिलात की त्याची शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका.