आधी पाया खण

चि. सोनूस,


लेख वाचला. भाषा धारदार आहे, पण पानोपानी तू कुणा ना कुणाच्या टोमण्याला उत्तर देत बसली आहेस. त्यात तुझं स्वतःचं म्हणणं राहून जातं. म्हणून तुला क्रिस्तीन द पिझाँविषयी सांगते.

व्हेनिसमध्ये जन्मून पॅरिसमध्ये वाढलेली ही बाई पंचविशीत विधवा झाली. पदरी तीन मुलं, आईचा भार, वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या. लेखणीवर तिने घर चालवलं. १४०५ साली तिने ‘स्त्रियांचं नगर’ हा ग्रंथ लिहिला. आरंभी ती मातेओलसचं स्त्रीनिंदेचं पुस्तक चाळते आणि इतकी खचते की बाईचा जन्म का दिलास, असं देवालाच विचारते. तेव्हा बुद्धी, सचोटी आणि न्याय या तिघी देवता प्रकट होऊन तिला नगर बांधायला लावतात.

बांधकामाचा क्रम नीट बघ. आधी विद्येच्या शेतात प्रश्नांची कुदळ चालवून निंदेची माती उपसायची. बुद्धी स्वतः ती खांद्यावर वाहून नेते. मग पायाचा पहिला दगड, राणी सेमिरामिस. त्यावर भिंती, घरं, शेवटी छपरं. आरोप पुढे येतो तेव्हा क्रिस्तीन नुसती चिडत नाही. एखाद्या बाईची हकिकत सांगते आणि ती हकिकत भिंतीत बसते. यातल्या कितीतरी बायका तिने इटालियन लेखक बोकाच्चोच्या ग्रंथातून उचलल्या आणि त्यांच्या कथा नव्याने, बायकांच्या बाजूने सांगितल्या.

होऊन गेलेल्या, हयात असलेल्या आणि पुढे जन्मणाऱ्या बायकांना एकत्र राहता येईल अशी जागा कागदावरच बांधता येते. ते बळ तुझ्याही हातात आहे.

आपल्याकडेही दगड आहेत, पण खणावं लागतं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. पुढे ती विस्मरणात गेली. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ती पुन्हा छापली, तेव्हा कुठे आपल्यापर्यंत पोचली. अशा आणखी किती मातीखाली असतील!

तेव्हा हा लेख पुन्हा लिही. टोमणे एका परिच्छेदात आटप. मग एक बाई निवड. तिचं गाव, तिचं काम, तिचं लिखाण मुळातून वाचून, तपासून मांड. तिच्या शेजारी दुसरी आण. त्यांच्यामध्ये उभी राहून बोलशील तेव्हा तुला आवाज चढवावा लागणार नाही. नवा खर्डा झाला की पाठव. वाट पाहते.

तुझी,
मावशी