पुन्हा लिहिलेली गोष्ट

(लेखक होण्यासाठी मोठे शिक्षण हवे, शुद्ध भाषा हवी, असे आपल्याला वाटते. हे दोन्ही नसताना गोष्टी लिहीत राहिलेल्या एका खेड्यातील मुलाची ही हकिकत आहे. त्याने काय गमावले आणि काय मिळवले, ते या पाठात वाचा.)

अमेरिकेत ओक्लाहोमा नावाचे एक राज्य आहे. या राज्याच्या पूर्व भागात ओझार्क डोंगराच्या रांगा पसरल्या आहेत. दाट झाडी, खळखळणारे ओढे आणि दूरदूर विखुरलेली शेते असा हा प्रदेश. तेथील स्क्रेपर नावाच्या लहानशा वस्तीत २४ सप्टेंबर १९१३ रोजी विल्सन रॉल्स यांचा जन्म झाला. त्यांची आई चेरोकी या मूळ अमेरिकन जमातीच्या वंशातील होती. तिच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर हे कुटुंब शेती करून राहत होते.

जवळपास शाळा नव्हती. आईनेच मुलांना वाचायला शिकवले. आजी टपालाने पुस्तके मागवी. आई ती मोठ्याने वाचून दाखवी आणि मग मुले पाळीपाळीने वाचत. छोट्या विल्सनला त्या गोष्टींत फारशी गोडी नव्हती. कोंबडीच्या आणि डुकराच्या पिलांच्या त्या गोष्टी मुलींसाठी असतात, असे त्याला वाटे. पण एके दिवशी आईने एक वेगळे पुस्तक आणले. ते जॅक लंडन या लेखकाचे होते. बर्फाळ प्रदेशात गाडी ओढणाऱ्या एका कुत्र्याची ती कथा होती. विल्सनने ती पुन्हा पुन्हा वाचली. आपणही असेच एक पुस्तक लिहायचे, असे त्याने मनाशी ठरवले.

पण लिहायचे कशावर? घरात गरिबी होती. कागद आणि पेन्सिल मिळणेही कठीण होते. मग विल्सन नदीकाठच्या वाळूत आणि वाटेवरच्या धुळीत बोटाने लिही. वारा आला की अक्षरे पुसली जात. गोष्ट ऐकायला कोणी नसे, तेव्हा तो ती आपल्या कुत्र्यालाच सांगे.

पुढे अमेरिकेत मोठी मंदी आली. लाखो लोकांची कामे गेली. विल्सनचे शिक्षण अर्धवट राहिले आणि पोटासाठी त्याला घर सोडावे लागले. तो सुतारकाम शिकला. काम मिळेल तिकडे तो जाई. अलास्कातील रस्ते, धरणे, तेलशुद्धीकरणाचे कारखाने अशा कितीतरी ठिकाणी त्याने काम केले. दिवसभर हातात करवत आणि हातोडा असे. रात्री मात्र तो मिळेल त्या कागदावर गोष्टी लिही. आपल्या गावाकडचे डोंगर, नद्या, मुले आणि कुत्री त्या गोष्टींत असत.

अशी कितीतरी वर्षे गेली. हस्तलिखितांचा ढीग वाढत गेला. पण रॉल्स यांनी ती कोणाला दाखवली नाहीत. आपले स्पेलिंग चुकते, व्याकरण येत नाही, विरामचिन्हे कोठे द्यावीत ते कळत नाही, याची त्यांना फार लाज वाटे. त्यांनी सारे कागद एका पेटीत घालून वडिलांच्या घरी लपवून ठेवले.

कामाच्या निमित्ताने ते आयडाहो राज्यात आले. तेथे सोफी नावाच्या तरुणीशी त्यांची ओळख झाली आणि १९५८ साली दोघांचा विवाह ठरला. आता ती पेटी सोफीच्या हाती लागली तर? आपले अशुद्ध लेखन वाचून ती काय म्हणेल? या विचाराने रॉल्स बेचैन झाले. लग्नाआधी त्यांनी पेटीतील सगळी हस्तलिखिते बाहेर काढली आणि जाळून टाकली. वीस-पंचवीस वर्षांचे लेखन थोड्याच वेळात राख झाले.

लग्नानंतर त्यांनी ही गोष्ट पत्नीला सांगितली. सोफीला फार वाईट वाटले. जळालेल्या गोष्टींपैकी एक तरी पुन्हा लिहावी, असा आग्रह तिने धरला. रॉल्स लिहायला बसले. गोष्ट त्यांच्या मनात पक्की होती. अवघ्या तीन आठवड्यांत त्यांनी सुमारे ३५ हजार शब्द लिहिले, पण त्यांत विरामचिन्हे नव्हती. ते कागद पत्नीच्या हाती देऊन ते घराबाहेर निघून गेले. ती वाचत असताना समोर बसण्याचा धीर त्यांना होईना.

सोफी हसली नाही. तिला गोष्ट अतिशय आवडली. ती थोडी वाढवावी, असे तिने सुचवले. मग तिने शांतपणे एकेक चूक दुरुस्त केली. गोष्ट रॉल्स यांचीच राहिली. तिला फक्त नीट कपडे मिळाले.

ही कादंबरी १९६१ साली प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘व्हेअर द रेड फर्न ग्रोज’, म्हणजे ‘जेथे लाल नेचा उगवतो’. तिचा नायक बिली हा दहा वर्षांचा खेडवळ मुलगा आहे. त्याला शिकारी कुत्र्यांची जोडी हवी असते. वडिलांजवळ पैसे नसतात. बिली कोळ्यांना गळाचे आमिष विकतो, रानातली फळे विकतो आणि दोन वर्षांत ५० डॉलर साठवतो. कुत्री आणायला तो अनवाणी, डोंगरातून चालत शहरात जातो. कुत्र्यांची किंमत थोडी उतरलेली असते. उरलेल्या पैशांतून तो आईवडिलांसाठी कपडे आणि बहिणींसाठी मिठाई घेतो. पुढे ही कुत्री बिलीचा जीव वाचवतात. त्यात एका कुत्र्याचा प्राण जातो आणि जोडीदार गेल्याच्या दुःखाने दुसरेही मरते. दोघांच्या कबरींमध्ये लाल नेचा उगवतो. शेवटची पाने वाचताना अनेकांचे डोळे पाणावतात.

सुरुवातीला पुस्तक फारसे खपले नाही. प्रौढांचे पुस्तक म्हणून ते दुकानात ठेवले जाई. मग शिक्षक आणि ग्रंथपाल यांनी ते मुलांपर्यंत पोहोचवले. मुलांनी मात्र ते उचलून धरले. १९७४ साली त्यावर चित्रपट निघाला. १९७६ साली रॉल्स यांची दुसरी कादंबरी आली. ते शाळाशाळांतून मुलांना भेटत आणि आपली कहाणी सांगत. १६ डिसेंबर १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. आयडाहो फॉल्स येथील सार्वजनिक ग्रंथालयाबाहेर आज एका मुलाचा आणि त्याच्या दोन कुत्र्यांचा पुतळा उभा आहे.

रॉल्स यांच्या नावावर दोनच कादंबऱ्या आहेत. आगीत गेलेले बाकीचे लेखन वाचकांना कधीच मिळाले नाही. त्या कागदांवरच्या चुका कोणीही दुरुस्त करू शकले असते. राख मात्र कोणालाच दुरुस्त करता येत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, मराठीत लिहिताना तुम्हीही अडखळत असाल. वेलांटी पहिली की दुसरी? येथे ‘ल’ की ‘ळ’? ‘तो’, ‘ती’ की ‘ते’? अशा शंका येणारच. चुका सुधारायला शिक्षक आहेत, शब्दकोश आहे, मित्रही आहेत. पण तुमच्या मोहल्ल्याची, तुमच्या घराची, तुमच्या आजीची गोष्ट फक्त तुमच्याजवळ आहे. म्हणून चूक झाली तर ती खोडा, नीट लिहा. वहीचे पान मात्र फाडू नका.

शब्दार्थ
हस्तलिखित – हाताने लिहिलेला मजकूर
मंदी – व्यापार व उद्योग थंडावण्याचा काळ
नेचा – ओलसर जागी वाढणारी, फुले न येणारी एक वनस्पती
आमिष – मासा पकडण्यासाठी गळाला लावलेले खाद्य
अनवाणी – पायांत काही न घालता
खेडवळ – खेड्यात राहणारा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) विल्सनला वाचायला कोणी शिकवले?
(आ) तो लहानपणी कशावर लिहीत असे?
(इ) बिलीने किती डॉलर साठवले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) रॉल्स यांनी हस्तलिखिते का जाळली?
(आ) सोफीने त्यांना कशी मदत केली?

३. पुढील शब्दांसारखे उर्दू शब्द सांगा व त्यांच्या उच्चारांतील फरक पाहा.
कागद, हजार, किंमत, मदत, शहर

४. घरातील वडील माणसांकडून ऐकलेली एक गोष्ट मराठीत आठ-दहा ओळींत लिहा. मित्राकडून ती तपासून घ्या व पुन्हा लिहा.