काट्याकडे बघ, बाय

बाय, गाडी घेतलीस, आता चिपळूण-कऱ्हाड जा-ये तूच करणार. कुंभार्ली घाटात माझी हयात गेली. त्यातलं जे उपयोगाचं आहे ते तुझ्या कानावर घालून ठेवतो.

चालती गाडी अचानक बंद पडली की पहिली काळजी गाडीची नाही, तुझी. इंजिन थांबलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा जोर दोन-तीन दाबांपुरताच उरतो; मग पेडल दगडासारखं लागतं. म्हणून ब्रेक सारखा सोड-दाब करू नकोस. आहे त्या वेगात गाडी कडेला घे आणि मग एकदाच दाबून धर. पूर्ण थांबेपर्यंत चावी काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. थांबलीस की हँडब्रेक, चारही इंडिकेटर, चाकाला दगड. लाल त्रिकोण गाडीला खेटून नको. मागून येणाऱ्याला वळणाच्या आधीच दिसेल इतका लांब ठेव.

बॉनेट उघडायची घाई करू नकोस. आधी नीट आठव, बंद पडली कशी? दिवा मालवावा तशी एका क्षणात, की झटके खात, पिकअप सोडत? एकदम गेली तर बहुतेक करंटचं दुखणं, अडखळत गेली तर बहुतेक पेट्रोलचं. हे दर वेळी खरं ठरतंच असं नाही, पण मिस्त्रीला फोनवर एवढं सांगितलंस तरी तो योग्य सामान घेऊन निघेल.

मग चावी नुसती ऑन कर आणि ऐक. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घूं असा आवाज यायला हवा. तो टाकीतला पेट्रोल पंप. आवाज नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले बघ. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर दोघांची अदलाबदल करून बघ. अशाने घरी आलेल्या गाड्या मी पाहिल्यात. चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला तर गाडीने चावीच ओळखलेली नाही. दुसरी चावी लावून बघ.

आता सेल्फ मार. नुसतं टकटक झालं आणि दिवे मंदावले तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. पण चालती गाडी बॅटरीमुळे सहसा मरत नाही. अल्टरनेटर आधी गेलेला असतो, आणि बॅटरीचा लाल दिवा बराच वेळ सांगत असतो. सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सरसर फिरला तर हात काढून घे. टायमिंग बेल्ट तुटल्याची ती खूण असू शकते, आणि सेल्फ मारत राहिलं तर वाकायचे राहिलेले व्हॉल्व्हही वाकतात.

पाण्यात बंद पडलेल्या गाडीला तर चावीच लावायची नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हाचा चिखल तूही उपसला आहेस. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी ढकलून किंवा टो करून आणायची.

आता मला ज्याने सगळ्यात जास्त छळलं ते ऐक. माझी पेट्रोल गाडी मे महिन्यात घाट चढताना मरायची. सेल्फ झकास फिरायचा, पण स्टार्ट होत नसे. पाऊण तास सावलीत बसलं की जणू काही झालंच नव्हतं. एकाने पंप बदलला, दुसऱ्याने बॅटरी. गाडी गॅरेजला नेईपर्यंत थंड झालेली, त्यामुळे त्यांच्यापुढे कधी बंद पडलीच नाही. जुन्या फियाट अशाच घाटात रुसायच्या. इंजिनाच्या तापाने पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकून बसायचे. मीही फडकं टाकून पाहिलं. पण हिचा पंप टाकीत!

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने विचारलं, सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का? पुढच्या खेपेला पाहिलं, काटा शून्यावर निपचित. क्रँक सेन्सर गेला होता. तापला की त्याच्या आतली तार सुटायची, निवाला की पुन्हा टेकायची. क्रँक कुठे आहे हेच कळेना, तर गाडीचा मेंदू ठिणगी कधी देणार आणि पेट्रोल कधी सोडणार? सेन्सर बदलला आणि दुखणं गेलं.

पण काही गाड्यांत काटा एरवीही सेल्फला हलत नाही. तुझ्या गाडीत हलतो का, हे ती धडधाकट असतानाच बघून ठेवायला हवं. पंपाचं घूं, सेल्फची लय, सगळंच. हे कुणी शिकवत नाही म्हणून मला वाईट वाटतं. माणसं गाडीचा आवाज पहिल्यांदा ऐकतात तो गाडी मेल्यावर.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नकोस, मध्ये मिनिटभर थांब. दोन-तीनदा करून जमलं नाही तर सोड. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन लागतो. घाटात रेंज नसली तर खाली जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे निरोप दे.

उद्या सकाळी गाडी काढशील तेव्हा गाणी लावू नकोस. चावी ऑन कर, थोडं थांब, ऐक. मग सेल्फ मार, आणि काट्याकडे बघ.